सात म्हटलं की

"बाई, तुम्ही स्वतः कधी हर्डल ओलांडलंय का?"

विचारलं एकदाचं! सुएलेन आणि मिलेना नळापाशी पाणी पीत असल्याचं नाटक करत होत्या आणि नळ बंद होता. पैज त्यांचीच, शाळेच्या कँटीनमधल्या गरम कोशिन्यावर, म्हणजे आत कोंबडी भरलेला तो टोकदार वडा. "युरोप बघून आलीस, पण बाईंपुढे अजून तुझी शेळी होते," असं सुएलेन म्हणाली होती, आणि कुणी शेळी म्हटल्यावर मला गप्प बसवतच नाही. मारिस्तेला बाई एक हर्डल सरळ उभं करत होत्या. आमच्या मैदानावरची सगळी हर्डल्स नळाच्या पाइपांची आहेत, वारा आला की आधी ती पडतात. वर न बघता बाई म्हणाल्या, "नाही."

"म्हणजे, लहानपणी तरी?"

"नाही गं. एकदाही नाही. नाडी बांध तुझी."

नाडी खरंच सुटली होती. बाई बघत नाहीयेत असं वाटतं तेव्हा त्या पायांकडे बघत असतात. मी खाली वाकले, नाडी बांधली, सोडली, परत बांधली. नळापाशी मिलेनानं तोंडावर हात दाबला होता. उत्तर 'हो' असणार हे आम्ही तिघीही धरूनच चाललो होतो. बाई किती चिडतात तेवढंच बघायचं होतं. त्या चिडल्या नाहीत, लाजल्या नाहीत, कारणही दिलं नाही. आणि मला तसं झालं, जसं उडी घ्यायची जागा चुकली की होतं: हर्डल समोर असतं, पाय भलताच पुढे आलेला असतो, आणि आता आपण काय करणार हे आपल्यालाच माहीत नसतं. रविवारी दुपारी साओ पाउलोहून आन्सेल्मोंचा फोन यायचा होता. तोवर मला ठरवायचं होतं, जायचं की नाही. आन्सेल्मो तिकडच्या एका मोठ्या क्लबचे हर्डलचे कोच. स्वतः पळालेले, गुडघ्यावरचा ऑपरेशनचा व्रण पदकासारखा दाखवणारे. त्यांच्याकडे राहायला खोली, जवळच शाळा, न पडणारी हर्डल्स, आणि माझ्यासारख्या, माझ्यापेक्षा वेगवान मुली. इकडे रेसिफेत मारिस्तेला बाई. आणि आज, गुरुवारी, एका कोशिन्यापायी मला कळलं की माझ्या अंगात हर्डल म्हणून जे काही आहे ते सगळं ज्या बाईनं घातलं, तिनं स्वतः कधी साधं बाकडंसुद्धा उडी मारून ओलांडलेलं नसेल.

खरं तर हे मला आधीच कळायला हवं होतं. बाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेच मुळी नाचताना. कार्निव्हलच्या आधी आमच्या गल्लीतल्या पोरांचा फ्रेव्हो नाचाचा ताफा तयार व्हायचा, त्यात मी सगळ्यांत बारकी, हातात माझ्याच डोक्याएवढी रंगीत छत्री. ताफा बाईंचा. शाळेत त्या खेळाच्या बाई आणि बाहेर फ्रेव्होच्या; दोन्हीकडे तीच शिट्टी, तीच मोठी चप्पल, तोच आवाज. मी हवेत कात्री मारली, म्हणजे दोन्ही पाय दोन दिशांना फाकवून उडी, आणि बाई आईला म्हणाल्या, "तुमची पोरगी वर जाते तशी झटकन खाली येते. बाकीच्यांना वर राहायला आवडतं. हिला माझ्याकडे पाठवा." आईला वाटलं नाचाला. पुढच्या आठवड्यात मैदानावर दोन पाइप उभे होते आणि त्यांवर एक आडवा. फ्रेव्होतल्या पावलांना आमच्याकडे हत्यारांची आणि कडीकोयंड्यांची नावं आहेत, आणि बाईंनी मला हर्डल त्याच नावांनी शिकवलं. पुढचा पाय कात्री. मागचा पाय बिजागरी, "दार उघडल्यासारखा बाजूनं आण, खालून ओढू नकोस, दार कधी खालून उघडतं का?" पाय जमिनीला टेकला की कडी लावायची, म्हणजे तिथेच घट्ट. मी ओलांडत असताना बाई मैदानात पालथ्या पडून, हनुवटी मातीला टेकवून बघायच्या. उठल्या की सगळी शाळा बाईंची मातीची दाढी बघून हसायची. मला वाटायचं, हर्डलचे सगळे कोच असेच पालथे पडतात. असुन्सियोनला गेले तेव्हा पाहिलं, बाकी मुलींचे कोच उभे होते, हाताची घडी घालून.

असुन्सियोन म्हणजे माझी पहिली बाहेरदेशची शर्यत, दक्षिण अमेरिकेतल्या शाळकरी पोरापोरींची. तिथल्या निवेदकानं माझ्या नावाचं पार भजं केलं. जेनिलेनी. बाबा जेनिव्हाल, आई जोसिलेनी. भांडण नको म्हणून दोघांनी आपापलं अर्धं दिलं, असं आजूबाजूचे सांगतात. आमच्या वर्गात अशी जोडलेली नावं पुष्कळ आहेत, पण भोंग्यातून स्पॅनिशमध्ये आलं तेव्हा ते मलाच माझं वाटेना, आणि त्यात एक गंमत होती, कुणीतरी दुसरीच पळणार आहे आणि मला फक्त तिचे पाय वापरायचेत अशी. सुरुवात करून देणारा माणूस 'लिस्तोस' म्हणाला, बंदूक वाजली, आणि पहिल्या हर्डलवर माझ्या आजूबाजूला कुणीच नव्हतं. सोनं! पदक दाताखाली धरून काढलेला फोटो बाबांनी दुकानात कॉम्प्रेसरच्या वर लावलाय. पुढच्या वर्षी परत सोनं, वेळ आणखी चांगली, आणि मग वर्तमानपत्रात 'रेसिफेची पोरगी' वगैरे, मग वर्ल्ड ज्युनियरच्या संघात नाव. शर्यत युरोपातल्या एका गावात; पेपरातलं नाव बघून आमच्या भूगोलाच्या सरांनी मला नकाशावर ते गाव शोधायला लावलं आणि मी ते समुद्रात दाखवलं.

ते गाव समुद्रात नव्हतं, पण तसंच ओलं आणि गार होतं, ऑगस्ट असून. संघाबरोबर कोच एकच, तो भालाफेकीचा, बाईंना कोण नेणार. सकाळची पहिली फेरी. मी ठोकळ्यांवर पाय लावले, बोटं रेषेमागे टेकवली, पोटऱ्यांवर काटा आलेला. मागून भोंग्यातून इंग्रजीत काहीतरी मोठं वाक्य आलं, मग शांतता, मग आणखी एक शब्द. मी निघाले. म्हणजे मी निघाले असं मला वाटलंच नाही. मी जिथे असायला हवं तिथे होते, हवेत, पुढे, आणि मग मागून बंदूक दोनदा वाजली आणि बाकीच्या मुली अजून वाकलेल्याच होत्या. एक पांढऱ्या टोपीतली बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिनं लाल कार्ड इतकं हळू वर केलं, जणू मला ते नीट वाचता यावं. मी समुद्र ओलांडला, विमानं बदलली, आणि तिथे जाऊन एकही हर्डल ओलांडलं नाही. इकडे रेसिफेत उजाडायचं होतं. बाबांनी टीव्ही गल्लीत बाहेर काढला होता, लोक झोपेच्या कपड्यांवर कॉफीचे पेले घेऊन बसले होते, आणि समोरच्या झेफिन्या मावशींनी सगळं संपल्यावर विचारलं म्हणे, "मग शर्यत कधी आहे?"

आमच्याकडे बंदुकीआधी निघालेल्याला 'सुरुवात जाळली' म्हणतात. परत आले तेव्हा गल्लीतली पोरं ओरडायची, "करपली गं करपली, तवा काढा!" मी पण ओरडायचे, "तुमच्या घरी तरी काही शिजतं का?" ते चालतं. ते संपलं. न संपणारं निराळं होतं. तेव्हापासून मला बंदूक ऐकू येते, मग खरंच ऐकू आली का असं मी स्वतःला विचारते, मग निघते. तोवर बाकीच्या पहिल्या हर्डलवर असतात. घाबरलीस, थंडी होती, हावरटपणा केलास, वय लहान आहे. ज्याला जे सुचलं ते कारण त्यानं मला दिलं, आणि मी सगळी घेतली, कारण माझं स्वतःचं एकही नव्हतं. बाबांना यातलं कुठलंच पटलं नाही. बाबा फ्रिज आणि एसी दुरुस्त करतात. बंद पडलेल्या यंत्रात एक भाग बिघडलेला असतोच, असं त्यांचं म्हणणं. तो सापडला नाही तर शोधणारा आळशी. "कुणीतरी तुला चुकीचं शिकवलंय," असं ते ऑगस्टपासून म्हणत होते, आणि कुणीतरी म्हणजे कोण, हे जेवणाच्या टेबलावर मिठाच्या डबीसारखं सगळ्यांना दिसत होतं.

आई मी जावं की नाही यावर काही बोलत नव्हती. तिनं माझ्या खोलीला नवीन पडदे शिवून घेतले होते. दाताच्या दवाखान्यात दिवसभर लोकांना "आत्ता नंबर येईल हं" असं सांगणारी माझी आई घरी आली की पडद्याची घडी सरळ करायची आणि विचारायची, "रंग आवडला ना? खूप वर्षं टिकतो म्हणे."

तर मी नाडी बांधत होते. बाई पुढे गेल्या होत्या, छोट्या पोरांची रांग लावायला. सुएलेन आली, कुजबुजली, "लेनी, शप्पथ, मला वाटलं नव्हतं. आता काय? आन्सेल्मोला सांगणार?" मी म्हटलं, "काय सांगणार?" ती म्हणाली, "हेच, की तुला पोहायला शिकवणारीला पाणी माहीत नाही." मिलेना हसली आणि मग हसायचं थांबली. तिकडे बाईंचा आवाज आला, मैदानाच्या या टोकापर्यंत येणारा, मी आठ वर्षांची असल्यापासून ऐकलेला, "पाच, सहा, सात!" आणि माझी टाच उचलली गेली.

मी वाकलेली होते, दोन्ही हात जमिनीशी, एक गुडघा खाली, कुठे जायचं नव्हतं, कुणी मला बोलावलं नव्हतं. तरी टाच उचलली गेली आणि सगळं वजन पुढे बोटांवर आलं. बाई आठ कधीच म्हणत नाहीत. फ्रेव्होत त्या तसंच शिकवतात: पाच, सहा, सात तोंडानं म्हणायचं, आठ पायानं म्हणायचं. तोंडानं आठ म्हणणाऱ्याला त्या शिट्टीच्या दोरीनं फटका मारतात. आणि आमच्या भाषेत सात म्हणजे 'सेति'. रिओच्या, साओ पाउलोच्या पोरी 'सेचि' म्हणतात, नाजूकपणे, जिभेवर साखर ठेवल्यासारखं. आम्ही रेसिफेवाले 'त' ठणकावतो आणि शेवटची इ खाऊन टाकतो. सेत. त्या गार मैदानावर भोंग्यातल्या माणसानं बंदुकीआधी जो एक शब्द म्हटला होता तो इंग्रजीतला 'सेट' होता. तयार राहा, हलू नका, असा त्याचा अर्थ. आमच्या देशातल्या शर्यतीत म्हणतात 'प्रोन्तोस', असुन्सियोनला 'लिस्तोस', त्यांचं आणि माझ्या पायांचं काही नातं नव्हतं, म्हणून मी गुमान थांबून राहायचे. पण तिथे, इतक्या लांब, एका परक्या माणसानं मला सात म्हटलं. आणि सात म्हटलं की निघायचं, हे माझ्या पायांना माझं नाव यायच्या आधीपासून येतंय, असं म्हटलं तरी चालेल.

मी हसत सुटले. मातीत बसून, पोट धरून. मी घाबरले नव्हते! हावरट नव्हते, थंडीनं गारठले नव्हते, मी ऐकलं होतं. सगळ्या मुलींत मी एकटीच अशी होते जिनं इतकं नीट ऐकलं. सुएलेन म्हणाली, "बरं बाई, दोन कोशिन्ये देते, पण असं करू नकोस." मी तिला मिठी मारली, मिलेनाला मारली, आणि उठून त्या दिवशी सुरुवातीचे सराव असे केले की माझ्या पुढे फक्त वारा होता. गणिताच्या सरांच्या भाषेत सात रंगवले. आमच्याकडे दंगामस्तीला 'सात रंगवणं' म्हणतात, आणि माझ्या प्रगतिपुस्तकावर तो शेरा दरवर्षी असतो.

घरी जाताना बसमध्ये मात्र हसू उतरलं. खिडकीला डोकं टेकवून मी मोजत होते, आकडे नाही, कारणं. सकाळी माझ्याकडे जायचं एकही चांगलं कारण नव्हतं, आता दोन होती. एक, बाईंनी कधी हर्डल ओलांडलेलं नाही. दोन, त्यांच्या मोजण्यानं मला लाल कार्ड दाखवलं. दोन्ही खरी. यांतलं कुठलंही बाबांच्या पुढ्यात ठेवलं असतं तर त्यांनी पाना बाजूला ठेवून म्हटलं असतं, 'सापडला!' आणि प्रश्न मिटला असता. मी बिचारी, चुकीच्या हातात सापडलेली, आता बऱ्या हातात चाललेली. हे ऐकायला इतकं गोड लागत होतं की मला त्याची किळस यायला लागली, फार गोड केकची येते तशी. आणि त्या किळसेच्याही खाली आणखी काहीतरी होतं, हलणारं, ज्याच्याकडे मला बघायचं नव्हतं. मी पैज का घेतली होती? कोशिन्यासाठी नक्कीच नाही. मला बाईंकडून काहीतरी ऐकायचं होतं, जे ऐकल्यावर जाणं सोपं होईल. मी बाईंना हर्डलबद्दल विचारत नव्हतेच. मी सोडून जायची परवानगी मागत होते, पण अशी, की दोष त्यांच्या पदरात पडेल.

शुक्रवारी सराव सुरू व्हायच्या आधी मी सांगितलं. न सांगून चाललं नसतं, तिथे छोट्या पोरांची रांग होती, आणि त्यांतलीही कुणीतरी पुढे कुठेतरी जाणार.

"बाई, मी तिकडे का पळाले ते कळलं."

"घाबरलीस म्हणून."

"नाही. तुम्ही सांगितलंत म्हणून."

बाईंनी शिट्टी तोंडातून काढली. मी सगळं सांगितलं. सात, सेट, टाच. त्या ऐकत होत्या तेव्हा माझ्या तोंडाकडे नव्हत्या बघत, पायांकडे बघत होत्या. मग वळल्या, छोट्यांना ओरडल्या, "चला, रेषेवर! नीट ऐका. मी काहीही म्हटलं तरी टाळी वाजेपर्यंत हलायचं नाही. कोण हललं तर मैदानाला फेरी." पोरं वाकली. बाईंनी घसा साफ केला आणि इंग्रजी निवेदकासारखं, नाकातून, म्हणाल्या, "सेट."

अख्खी रांग उधळली. सगळ्यांत पुढे तार्सिला, दोन वेण्या आणि पडलेला दात. पार पलीकडच्या भिंतीला हात लावून ती मागे ओरडली, "बाई, टाळी तुम्हीच विसरलात!"

बाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. कडेच्या दगडावर बसून डोळे पुसत राहिल्या आणि मला कळेना, हसण्यातलं पाणी कुठे संपलं. मग उठल्या, चप्पल काढली, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहे. उद्यापासून सात बंद. पाच, सहा, तयार." त्यांचा पाय जागचा हलला नाही. परत म्हणाल्या, "पाच, सहा, तयार." नाहीच. आपल्याच पायाकडे त्या अशा बघत होत्या जशा कधी कधी माझ्याकडे बघतात, मी तीच चूक परत केली की. "हे आईनं घातलंय माझ्यात," म्हणाल्या, "स्वयंपाकघरात, कढई वाजवत. काढायला वेळ लागेल. लागू दे." आणि लगेच, "आन्सेल्मोला सांगितलंस?"

"नाही."

"सांग. त्याला ते माहीत असायला हवं. आणि जेनिव्हालला पण सांग."

"बाबा तुम्हाला नावं ठेवतील."

"ठेवू दे की. चूक माझीच आहे."

मला राग आला. त्यांनी भांडावं असं मला वाटत होतं, आणि इथे मीच त्यांची वकील झाले होते. मी म्हटलं, "मग मी जाऊ का?"

"मला कसं विचारतेस? मी तर कधी हर्डल ओलांडलेलं नाही," बाई म्हणाल्या, अगदी सरळ चेहऱ्यानं, आणि मी कानापर्यंत लाल झाले, कारण त्यांना पैज माहीत होती, नळ बंद होता हेही माहीत होतं. मग त्यांनी चपलेत पाय घातले. "तू जाऊ नयेस असं मला वाटतं," म्हणाल्या. "अजिबात जाऊ नयेस. पण त्याचा तुला काही उपयोग नाही. जा, ठोकळे लाव."

मी ठोकळे लावले. त्या दिवशी मैदानात ऊन असं होतं की पाइपांना हात लागला तर चटका बसत होता. मी पळत राहिले, कात्री, बिजागरी, कडी, आणि प्रत्येक फेरीत माझ्या हातातलं एकेक कारण गळत गेलं. बाईंना येत नाही, हे कारण नव्हे. न येता त्यांनी मला इथवर आणलं. बाईंनी चूक केली, हेही कारण नव्हे; चूक सापडली, आता मी 'सेट' ऐकून पुतळ्यासारखी थांबू शकते, कुठेही, इथेसुद्धा. बाईंना मी हवी आहे, हे राहायचं कारण असू शकलं असतं, पण त्यांनी ते स्वतःच माझ्या हातातून काढून घेतलं. शेवटी काहीच उरलं नाही, आणि तरी ते खाली हलणारं होतंच, जसंच्या तसं. असुन्सियोनमध्ये पहिल्या हर्डलवर आजूबाजूला कुणी नव्हतं तेव्हा मला आनंद झाला होता हे खरं, पण त्या आनंदात एक भोक होतं. मला बाजूला कुणीतरी हवं आहे. श्वास ऐकू येईल इतक्या जवळ, माझ्यापेक्षा अर्धं पाऊल पुढे, रोज, सरावातसुद्धा. तिला गाठायचंय. ती कोण, मला माहीत नाही, पण ती रेसिफेत नाही. हे कुणाच्या चुकीमुळे नाही, कुणी मला ढकललेलं नाही. मला जायचंय, एवढंच. हे इतकं उघडं होतं की मला लाज वाटली, भर मैदानात कपडे काढल्यासारखी, आणि मग वाटेनाशी झाली.

रविवारी आईनं उकडलेला कसावा आणि तव्यावर परतलेलं सुकं मांस केलं होतं, वर कांदा. बाबांनी फोन टेबलावर मधोमध ठेवला होता, बॅटरी भरून, जणू तोच पाहुणा. मी त्यांना सात आणि सेटचं सांगितलं. बाबांनी काटा खाली ठेवला. त्यांचा चेहरा इतका उजळला की मला त्यांची दयाच आली.

"म्हणजे तिनंच! मी म्हणत नव्हतो? जोसिलेनी, मी म्हणत होतो की नाही? नाचणारी बाई, ती काय शिकवणार!"

"बाबा, त्या नाचणाऱ्या बाईनं शिकवलं म्हणूनच तुमच्या कॉम्प्रेसरवर फोटो आहे."

"ते वेगळं. भाग बिघडलेला होता ना? होता. मग बदलायचा. म्हणूनच जायचं तू."

"म्हणून नाही."

"मग कशासाठी? कारण काय?"

"कारण नाहीये, बाबा. त्यांच्या नावावर मी जाणार नाही. आन्सेल्मोंना असलं काही बोललात तर मी फोन ठेवून देईन."

बाबांच्या हातात दोष होता, अगदी खरा, दोन महिने शोधून सापडलेला, आणि तो कुठे बसवावा हे त्यांना कळत नव्हतं. आईनं माझ्या ताटात आणखी एक तुकडा वाढला, मी मागितला नसताना, आणि कांदा त्यावर सारखा पसरत राहिली. मी घाबरले. आईनं मला लहानपणापासून शिकवलंय की पाहिजे, हवंय असं तोंडावर म्हणू नये, उद्धट दिसतं; हवं होतं म्हणावं, बेकरीत पाव घेतानासुद्धा. तेच तोंडातून निघालं.

"आई, मला जायचं होतं."

आईचा हात थांबला. तिनं वर बघितलं आणि तिच्या डोळ्यांत एकदम इतकी आशा आली की मला ताट ढकलून पळून जावंसं वाटलं.

"होतं ना?" ती घाईघाईनं म्हणाली. "म्हणजे आता नाही ना, लेनी? होतं म्हणालीस तू."

फोन वाजायला लागला. बाबांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. मी आईकडेच बघत होते.

"नाही, आई. जायचंय," मी म्हटलं. "कार्निव्हल संपला की मी साओ पाउलोला जाणार आहे."